ॲव्हरेजच्या नावाखाली ड्रायव्हरचा पगार कापू नका : ट्रक मालकांना खुले पत्र

महाराष्ट्रातल्या ट्रक मालक आणि ट्रान्सपोर्ट व्यावसायिक मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

मुंबई-आग्रा रस्त्यावर कसारा घाट चढून आलं की इगतपुरी-घोटीचा पट्टा लागतो. तिथे माझं ट्रकचं गॅरेज आहे. ब्रेक, क्लच, हवेची लाईन, वायरिंग ही माझी रोजची कामं. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या गाड्या माझ्या हाताखालून गेल्या आहेत. फोनवर आपलं बोलणं होतं, पैसे वेळेवर येतात, पण समोरासमोर बसून बोलायची वेळ सहसा येत नाही. म्हणून हे पत्र लिहितोय.

मागणी एकच आहे, ती आधीच सांगतो. गाडीने ठरलेलं ॲव्हरेज, म्हणजे एका लिटरला ठरलेले किलोमीटर, दिलं नाही म्हणून ड्रायव्हरच्या पगारातून आणि भत्त्यातून डिझेलचे पैसे कापणं बंद करा.

सगळेच मालक कापतात असं मी म्हणत नाही. स्वतः स्टिअरिंगवर बसलेले जुने शेठ आजही हिशोब घेताना आधी रस्ता कुठला होता, माल काय होता, किती तास थांबायला लागलं हे विचारतात. पण ऑफिस मोठं झालं, गाड्या वाढल्या, हिशोबाला नवा मुलगा बसला की गाडीमागे एक आकडा चिकटतो. दहा चाकीला साडेचार, बारा-चौदा चाकीला चार किंवा पावणेचार, ट्रेलरला तीन. किलोमीटरला त्या आकड्याने भागायचं, उत्तर येईल तेवढं डिझेल ट्रिपचं. जास्त लागलं की फरक ड्रायव्हरच्या नावावर चढतो. कमी लागलं तर कुठे उरलेलं डिझेल ड्रायव्हरला मिळतं, कुठे अर्धं मिळतं, आणि बऱ्याच ठिकाणी पुढच्या महिन्यापासून आकडाच वाढवला जातो. चांगली गाडी चालवल्याचं फळ म्हणून पुढच्या ट्रिपला जास्त ॲव्हरेज काढून दाखवायचं.

तो आकडा कुठून येतो, असं मी अनेकांना विचारलंय. कोणी म्हणतं डीलरने सांगितला, कोणी म्हणतं शेजारच्या ट्रान्सपोर्टवाल्याची गाडी तेवढं देते, कोणी म्हणतं पहिल्यापासून हाच आहे. गाडी तपासून, रस्ता बघून, वजन धरून काढलेला आकडा मला फार कमी ठिकाणी सापडला.

आता माझ्या दारातल्या घाटाचंच गणित मांडतो. न्हावा-शेवाहून भरलेली गाडी नाशिकला आणायची तर अंतर दोनशे किलोमीटरच्या आसपास. चारच्या हिशोबाने ५० लिटर डिझेल. या दोनशे किलोमीटरच्या मध्ये कसारा घाट आहे आणि कसाऱ्यापासून इगतपुरीपर्यंत रस्ता जवळपास ३०० मीटर उंची चढतो. ३५ टनांची बारा चाकी ३०० मीटर वर उचलायला किती ऊर्जा लागते हे शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकातलं गणित आहे, वजन गुणिले उंची. एक लिटर डिझेलमध्ये साधारण ३६ मेगाज्यूल ऊर्जा असते आणि त्यातली ३५ ते ४० टक्केच चाकापर्यंत पोहोचते, बाकीची रेडिएटर आणि सायलेन्सरमधून निघून जाते. हिशोब केला की नुसतं वर चढायला सात ते आठ लिटर येतात. टायरचं घर्षण, वारा, घाटातली गर्दी हे सगळं त्याच्यावर. म्हणजे ५० लिटरचे ५७-५८ झाले आणि चारचं ॲव्हरेज साडेतीनवर आलं. लिटरला नव्वद रुपये धरले तर सातशे रुपयांच्या आसपास फरक. तो घाटाने खाल्ला. ड्रायव्हरने खाल्ला नाही.

पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांचं तर विचारूच नका. खोपोलीपासून लोणावळ्यापर्यंत साडेपाचशे मीटरचा चढ आहे. त्याच ३५ टनांना तिथे १४ लिटरच्या घरात डिझेल फक्त उंचीसाठी जातं. उतरताना थोडंफार वाचतं हे खरं, पण चढताना जाळलेलं सगळं परत मिळत नाही. उताराची बरीचशी ऊर्जा ब्रेक तापवण्यात जाते. आता हीच गाडी, हाच ड्रायव्हर नाशिकहून नागपूरला गेला तर आकडा आपोआप चांगला येईल. मग पहिल्या ट्रिपला तो चोर आणि दुसऱ्या ट्रिपला हुशार, असं कसं?

समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाला, ७०१ किलोमीटर. इगतपुरीच्या जवळपास आठ किलोमीटर लांब बोगद्यामुळे जुन्या घाटाची वळणं टळतात. उंची गाडीला चढावीच लागते, पण सलग चढते. ब्रेक लावा, गिअर खाली घ्या, परत उचला, हे कमी होतं. ॲव्हरेजला त्याचा फायदा होतो. पण त्या रस्त्याला टोल आहे आणि मोठ्या गाडीचा टोल जड जातो. तो वाचवायला गाडी जुन्या रस्त्याने पाठवणं हा तुमचा हक्क, त्यात मला काही बोलायचं नाही. पण गाडी जुन्या घाटातून पाठवायची आणि ॲव्हरेज मात्र समृद्धीचं मागायचं, हे मला पटत नाही.

वजनाचंही तसंच. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने एक्सलवरचा भार वाढवला. तीन एक्सलची दहा चाकी २५ टनांवरून २८.५ टनांवर गेली, सहा एक्सलचा ट्रेलर ४९ वरून ५५ टनांवर. धंद्याला ते बरं झालं, एका फेरीत जास्त माल जायला लागला. पण साडेतीन टन वाढल्यावर ॲव्हरेजचा आकडा किती खाली आणला, हे आपापल्या वहीत बघा. काही वह्यांमध्ये आकडा तेव्हापासून हललेलाच नाही. काही ठिकाणी तर वाढलाय, कारण गाडी नवीन घेतली.

नवीन गाडी जास्त देते हे पूर्ण खोटं नाही, पण त्यातही गफलत आहे. १२ टनांवरच्या ट्रकसाठी केंद्राने २०१७ मध्ये इंधन वापराचे निकष जाहीर केले. त्यांची चाचणी ताशी ४० आणि ६० किलोमीटर अशा ठराविक, स्थिर वेगाने होते. चाचणीच्या ट्रॅकवर भिवंडीची रांग नसते, टोलनाका नसतो, घाटात बंद पडलेल्या कंटेनरमागे तासभर पहिल्या-दुसऱ्या गिअरवर सरकणं नसतं. एक गाडी दुसऱ्या गाडीपेक्षा बरी की वाईट हे त्या चाचणीतून कळतं. तुमच्या ड्रायव्हरने किती डिझेल जाळायला हवं होतं, हे त्यातून कळत नाही.

आता टाकीकडे येतो, कारण भांडणाची अर्धी मुळं टाकीतच असतात. मोठ्या टाटा गाड्यांना ३६५ लिटरची टाकी येते, इतर कंपन्यांच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांनाही साधारण ३०० ते ४०० लिटरच्या दरम्यान. चारने गुणलं तर ३६५ लिटरमध्ये १,४६० किलोमीटर, म्हणजे कागदावर मुंबईहून निघालेली गाडी एका टाकीत दिल्लीला पोहोचली. प्रत्यक्षात शेवटचे तीस-चाळीस लिटर कोणी शहाणा ड्रायव्हर वापरत नाही. तळाचा गाळ आणि पाणी ओढलं जातं आणि एकदा लाईनमध्ये हवा शिरली की आताची कॉमन रेल इंजिनं, म्हणजे संगणकाच्या हुकमाने इंजेक्टर डिझेल फवारतात ती, सहजासहजी चालू होत नाहीत. पंप आणि इंजेक्टरला डिझेलचंच वंगण मिळतं, कोरडे चालले की खराब होतात. इंजेक्टरचा खर्च तुम्हाला माहीत आहे. मोजून दिलेल्या डिझेलमध्ये परत यायचं म्हणून टाकी तळाला नेऊन रस्त्याकडेला उभी राहिलेली गाडी आम्ही ओढून आणतो, तेव्हा वाचलेलं डिझेल आणि आलेलं बिल यांची तुलना करून बघा.

टाकी फुल्ल करून निघायचं आणि परत फुल्ल करताना किती लागलं ते मोजायचं, ही पद्धत चांगली आहे, पण एका ट्रिपला ती भरवशाची नाही. पंपावरच्या फरशीचा उतार, गाडी कुठल्या बाजूला कललेली आहे, नोझल कट झाल्यावर फेस बसेपर्यंत थांबून पुन्हा भरलं की नाही, एवढ्यावर पाच-दहा लिटरचा फरक सहज पडतो. लांब ट्रिपला पाच-दहा लिटर फार नाहीत. पण दोनशे-अडीचशे किलोमीटरच्या ट्रिपला तेवढ्यावर ॲव्हरेज अर्ध्या किलोमीटरने वर-खाली होतं. डॅशबोर्डवरच्या काट्याचं तर नावच काढू नये, चढावर उभी गाडी एक दाखवते आणि सपाटीवर दुसरं. पाच-सहा वेळा टाकी फुल्ल करून, सगळ्या ट्रिपांची बेरीज करून काढलेला आकडाच खरा धरावा.

आणखी एक. काही जण टाकी मुद्दाम अर्धी ठेवायला सांगतात. भरलेली टाकी म्हणजे ३०० किलो वजन, अर्धी ठेवली की दीडशे किलो माल वजनकाट्यावर जास्त बसतो, शिवाय एकरकमी पैसे अडकत नाहीत. मग कार्डावर थोडं थोडं डिझेल सोडलं जातं आणि ड्रायव्हर जिथे असेल तिथे भरतो. राज्याराज्यात व्हॅट वेगळा असल्यामुळे भावात फरक असतो. लांबच्या फेरीला टाकी मोठी असण्याचा फायदाच हा, की स्वस्त राज्यात फुल्ल करून महाग राज्य पार करता येतं. तो फायदा आपणच घालवायचा आणि लिटरमागचे रुपये दोन रुपये ड्रायव्हरच्या ॲव्हरेजमधून वसूल करायचे, यात शहाणपण नाही.

हे सगळं पैशाचं झालं. मला हे पत्र लिहायला लावलं ते ब्रेकच्या ड्रमांनी.

मागच्या उन्हाळ्यात बीडकडचा एक ड्रायव्हर गाडी घेऊन आला. ब्रेक लागत नाहीत म्हणाला. पुढचं चाक उतरवलं, ड्रम ओढून काढला. आतली बाजू निळी-जांभळी पडलेली, आडव्या बारीक भेगा, ड्रमला घासून गाडी थांबवणारा लाईनर इतका गुळगुळीत झालेला की बोट घसरत होतं. ब्रेक पुन्हापुन्हा तापून गेल्याशिवाय असं होत नाही. मी त्याला विचारलं, घाट न्यूट्रलमध्ये उतरतोस का? तो टूलबॉक्सवर बसला होता. खिशातून पोराची शाळेची जुनी वही काढली. तिच्यात प्रत्येक पंपाची नोंद होती, तारीख, किलोमीटर, लिटर, पुढे वजा लिहिलेले रुपये. म्हणाला, "मेस्त्री, न्यूट्रल मारू नये ते मलापण कळतं. गेल्या महिन्यात साडेचार हजार कापले. घरी काय सांगायचं?"

मालक मंडळींनो, त्या वहीतला प्रत्येक वजा आकडा उतारावर ब्रेकमधून वसूल होत होता.

गंमत नाही ही, आणि यात डिझेलही वाचत नाही. कॉमन रेल इंजिनाची गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलेटरवरचा पाय काढला की संगणक इंजेक्टर बंद करतो. गाडी चाकांच्या जोरावर इंजिन फिरवते आणि डिझेल जवळपास शून्य जातं. तीच गाडी न्यूट्रलमध्ये टाकली की इंजिनाला स्वतःला चालू ठेवायला डिझेल लागतं. म्हणजे लांब उताराला न्यूट्रलमध्ये उलट जास्त जळतं. हे जुन्या ड्रायव्हरांना कोणी सांगितलेलंच नाही आणि तुम्ही ट्रिपच्या आधी सांगायला हवं.

म्हणून मग काही जण त्याच्या पुढे जातात आणि चावीच बंद करतात. ट्रकचे ब्रेक हवेवर चालतात. हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनावर चालतो. इंजिन बंद झालं की हवा भरायची थांबते, प्रत्येक ब्रेकला टाकीतली हवा कमी होते, पॉवर स्टिअरिंग दगडासारखं जड होतं, इंजिनाचा धूर अडवून गाडी रोखणाऱ्या एक्झॉस्ट ब्रेकचा उपयोगच उरत नाही. ३५ टन वजन आणि खाली उतार. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्याकडून येणाऱ्या उतारावर, नवले पुलाजवळ एका अवजड गाडीने सुमारे ४८ वाहनांना धडक दिली. इंजिन बंद करून उतार उतरल्याची गोष्ट पोलिसांच्या प्राथमिक तपासात पुढे आली होती. त्या रात्री रस्त्यावर घरी जाणारी साधी माणसं होती. त्या गाडीच्या मालकाबद्दल मला काही माहीत नाही आणि मी त्यांना दोष देत नाही. पण आपल्यातल्या कोणाच्या गाडीने असं होऊ नये असं वाटत असेल तर ड्रायव्हरला उतारावर दोन-तीन लिटर वाचवायची गरजच वाटू नये, अशी व्यवस्था आपण करायला हवी.

दुसरी गोष्ट झोपेची. २०२५ पासून नव्या मोठ्या ट्रकना एसी केबिन सक्तीची झाली, हे चांगलं झालं, फार आधी व्हायला हवं होतं. पण एसी इंजिनावर चालतो. ड्रायव्हर रात्री केबिनमध्ये झोपला आणि इंजिन चालू ठेवलं तर मोठं इंजिन तासाला दोन लिटरच्या आसपास पितं, एसीमुळे थोडं जास्त. आठ तासांचे सोळा लिटर, म्हणजे चारच्या हिशोबाने ६४ किलोमीटरचं डिझेल, गाडी एक इंचही न हलता. ॲव्हरेज धरून बसलेला हिशोबनीस हे डिझेल ड्रायव्हरवर टाकतो, म्हणून ड्रायव्हर एसी लावत नाही. मे महिन्यात विदर्भात, राजस्थानात दिवसभर तापलेल्या केबिनमध्ये तो दरवाजे उघडे टाकून पडतो, डास चावतात, डिझेल चोर फिरत असतात, एक डोळा उघडाच. पहाटे तोच माणूस तुमची चाळीस लाखांची गाडी आणि त्यातला माल घेऊन निघतो. एसीची गाडी घेतली असेल तर एसीचं डिझेल मान्य करा. कंपनीच्या गेटबाहेर खाली व्हायला दोन-दोन दिवस उभ्या राहणाऱ्या गाड्यांचं तर सोडाच. तो थांबण्याचा खर्च मालवाल्याकडून मागायची हिंमत आपण करत नाही आणि ड्रायव्हरकडून घेतो.

ड्रायव्हर डिझेल विकतात, हा तुमचा प्रश्न मला माहीत आहे. फोनवर तुम्ही हेच म्हणता. विकतात, काही जण विकतात, ढाब्यामागे कॅन घेऊन बसलेली माणसं सगळ्या हायवेवर आहेत. त्यांना मी पाठीशी घालत नाही. पण ठरलेल्या आकड्याने चोरी थांबत नाही. उलट ज्याला चोरायचं आहे त्याच्यासाठी तो आकडा सोयीचा असतो : सपाट रस्त्याची ट्रिप मिळाली की वरचं डिझेल त्याचं, हिशोब एकदम बरोबर. सापडतो तो घाटातून येणारा प्रामाणिक माणूस. चोरी पकडायची असेल तर गाडीकडेच विचारा. बीएस सहा, म्हणजे प्रदूषणाच्या नव्या नियमांच्या गाड्यांच्या संगणकात एकूण किती डिझेल जळलं, किती तास इंजिन उभ्यावर चाललं, त्यात किती गेलं याची नोंद असते. टाटांचं फ्लीट एज, अशोक लेलँडचं आय-अलर्ट, आयशरचं स्वतःचं ॲप, सगळ्यांमध्ये कमी-जास्त हे दिसतं. इंजिनाने जाळलेलं आणि पंपावर भरलेलं यात मोठा फरक सतत दिसला तर चोरी. इंजिनानेच जास्त जाळलं असेल तर कारण रस्त्यात, वजनात किंवा गाडीत आहे. बऱ्याच मालकांकडे या ॲपचा पासवर्डसुद्धा नसतो. गाडी घेताना त्याचे पैसे दिलेले असतात.

आणि कारण गाडीत असतं, हे मी रोज बघतो. ॲव्हरेज पडलं म्हणून ओरडा खाऊन आलेल्या गाडीचं चाक जॅकवर उचलून हाताने फिरवलं तर फिरत नाही, कारण ब्रेक चिकटलेला असतो. दोनशे-चारशे किलोमीटर गाडी स्वतःच्याच ब्रेकशी झगडत आलेली असते. एअर फिल्टर काळा ठिक्कर. टायरमध्ये हवा कमी. आत-बाहेरच्या जोडीतल्या आतल्या टायरची हवा तर महिनोन्‌महिने कोणी बघत नाही, कारण व्हॉल्व्हपर्यंत हात पोहोचत नाही. अलाइनमेंट गेलेलं, पुढचे टायर एका बाजूने खाल्लेले. क्लच घसरतोय. मागे ताडपत्री फडफडतेय, दोरी आवळायला मिळाली नाही कारण लोडिंगवाल्याने घाई केली. यातल्या कशावर खर्च करायचा हे ड्रायव्हर ठरवत नाही. तो सांगतो, "शेठ, गाडी ओढत नाही." उत्तर मिळतं, पुढच्या ट्रिपनंतर बघू.

ड्रायव्हरच्या हातात काय आहे तेही सांगतो, म्हणजे मी एकतर्फी बोलतोय असं वाटायला नको. वेग त्याच्या हातात आहे. ताशी ६० वरून ८० वर गेलं की वाऱ्याचा विरोध पावणेदोन पट होतो आणि चौकोनी कंटेनर किंवा उंच ताडपत्रीच्या गाडीला हा मोठाच खर्च आहे. गिअर वेळेवर बदलणं, पुढचा सिग्नल लांबून बघून पाय सोडणं, घाटात चढायच्या आधी योग्य गिअर घेणं, हे चांगल्या आणि वाईट हातांतलं अंतर मी मान्य करतो. पण वेगाचा प्रश्नही पुन्हा ऑफिसात येतो. दोन दिवसांत पोहोचवायचा माल दीड दिवसात पोहोचव म्हणून फोन कोण करतं?

कायद्याचंही थोडं बघून ठेवा. १९३६ च्या वेतन अदायगी कायद्यातच असं होतं की नुकसानभरपाई म्हणून पगार कापायचा असेल तर ते नुकसान कामगाराच्या निष्काळजीपणामुळे थेट झालेलं असायला हवं आणि कापण्याआधी त्याला आपली बाजू मांडायची संधी द्यायला हवी. २०१९ च्या वेतन संहितेतही हेच तत्त्व कायम आहे. घाटात जळलेलं डिझेल हा कुणाचा निष्काळजीपणा? आणि महिन्याच्या शेवटी थेट कमी रक्कम हातावर ठेवण्यात बाजू मांडायची संधी कुठे आहे? ड्रायव्हर कोर्टात जाणार नाही हे तुम्हाला माहीत आहे, मलाही माहीत आहे. तो दुसऱ्या ट्रान्सपोर्टला जातो, किंवा गाडी सोडून गावी जातो. ड्रायव्हर मिळत नाहीत, गाड्या दारात उभ्या आहेत, ही तक्रार तुमच्याच तोंडून मी गेली काही वर्षं ऐकतोय. चांगले ड्रायव्हर आपल्या मुलांना या धंद्यात येऊ देत नाहीत. का येऊ देत नाहीत, ते वहीतल्या त्या वजा आकड्यांवरून कळेल.

तुमचीही बाजू आहे. या धंद्यात एक, दोन, पाच गाड्यांचे मालकच जास्त. हप्ता, विमा, टायर, टोल, आता नव्या गाड्यांत धूर साफ करायला घालाव्या लागणाऱ्या युरियाचा खर्च, आणि चालवण्याच्या खर्चात निम्म्याच्या आसपास एकटं डिझेल. भाडं ब्रोकर ठरवतो, डिझेल वाढलं तरी भाडं तेच राहतं. ही ओढाताण खरी आहे. पण ती भाड्याच्या करारात सोडवायची गोष्ट आहे. डिझेल इतक्याने वाढलं तर भाडं इतक्याने वाढेल, असं मोठ्या कंपन्यांच्या करारात लिहिलेलं असतं. छोट्या मालकांनी एकत्र येऊन तेच मागायला हवं. तिथे ताकद कमी पडते म्हणून सगळ्यात खालच्या माणसाच्या पगारात हात घालायचा, हे मला मान्य नाही.

मग करायचं काय? आकडाच नको असं मी म्हणत नाही, हिशोब लागतोच. पण आकडा गाडीचा नको, रस्त्याचा आणि वजनाचा हवा. न्हावा-शेवा ते नाशिक भरलेली, नाशिक ते न्हावा-शेवा मोकळी, नाशिक ते नागपूर भरलेली, अशा प्रत्येक नेहमीच्या फेरीचा तुमच्याच गाडीच्या मागच्या सहा महिन्यांच्या नोंदींवरून वेगळा आकडा काढा. थांबण्याचे तास आणि रात्रीच्या एसीचे तास वेगळे धरा. हिशोब ड्रायव्हरला दाखवा, त्याची सही घ्या, त्याची एक प्रत त्याच्याकडे राहू द्या. आकड्यापेक्षा चांगलं आलं तर बक्षीस द्या आणि त्यामुळे पुढचा आकडा वाढवू नका. वाईट आलं तर आधी गाडी गॅरेजला दाखवा. सतत वाईट येत असेल आणि गाडी ठीक असेल, तर त्या ड्रायव्हरशी बोला, त्याला शिकवा, नाही जमलं तर त्याला काढा, तो तुमचा अधिकार आहे. पण केलेल्या कामाचा पगार कापू नका.

मला दुकानदारीत यातून काही मिळणार नाही. उलट तापलेले ड्रम आणि जळलेले लाईनर कमी आले तर माझं काम कमी होईल. होऊ दे.

नाशिक, भिवंडी, कळंबोली, पुणे, कोल्हापूर, नागपूर, जिथे जिथे तुमच्या संघटना आहेत, तिथे पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. बोलावलंत तर एक दिवस गॅरेज बंद ठेवून येईन आणि तुमच्या कोणत्याही एका गाडीचा सहा महिन्यांचा हिशोब तुमच्यासमोर फेरीवार मांडून दाखवीन. तोपर्यंत निदान या महिन्याच्या पगारातली कपात थांबवा.

कळावे,

आपला,
इगतपुरी-घोटी रस्त्यावरचा एक ट्रक मेकॅनिक